परतीच्या वाटेची वहिवाट

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मध्यभागी, माउंट निटनीच्या सावलीत वसलेल्या स्टेट कॉलेज ह्या विद्यापीठनगरीत ‘डेसिबेल रोड’ नावाचा एक लहानसा रस्ता आहे. ज्या देशात रस्त्यांना राष्ट्राध्यक्षांची आणि वृक्षांची नावे देण्याचा प्रघात आहे, तेथे ध्वनीची व विद्युत्संकेताची तीव्रता मोजणाऱ्या एककाचे नाव एखाद्या रस्त्याला मिळावे, ही गोष्ट सहज घडलेली नाही. ह्या रस्त्यावरील ६० क्रमांकाच्या इमारतीत सी-कॉर ह्या कंपनीचे दफ्तर होते. १९५३ साली, म्हणजे येथील पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजला विद्यापीठाचे नाव मिळाले त्याच वर्षी, कम्युनिटी इंजिनिअरिंग ह्या नावाने तिचा आरंभ झाला. आणि तारेवरून घरोघर जाणारा दूरचित्रवाणीचा संकेत वाटेत क्षीण होतो, तो ठिकठिकाणी पुन्हा सबळ करणारी जी वर्धक यंत्रे, ज्यांना आपण ॲम्प्लिफायर म्हणतो, ती बनविणे हा तिचा मुख्य व्यवसाय झाला. तिची धुरा दीर्घकाळ वाहणारे जेम्स पामर ह्यांचे नाव आज विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाला आहे.

ह्या रस्त्यावरून जाताना माझ्या मनात नेहमी एकच विचार येतो. दुरून येणारे चित्र सुस्पष्ट रूपाने घरापर्यंत पोचविण्यासाठी माणसाने केवढी बुद्धी, केवढे भांडवल आणि किती पिढ्यांचे श्रम खर्च केले. पण त्या घरात बसलेल्या माणसाला जे म्हणावयाचे आहे ते उलट दिशेने नेण्याची तजवीज मात्र त्याने नेहमी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी पैशांत केली. प्रेक्षकाला पडद्याशी संवाद साधता यावा, त्याने चित्रपट मागावा, मत द्यावे, प्रश्न विचारावा, वस्तू खरेदी करावी, शिकावे, ही ज्या संवादी दूरचित्रवाणीची कल्पना आहे, तिच्या व्यापारी भवितव्याची चर्चा गेली जवळजवळ पन्नास वर्षे चालू आहे. यंत्र किती वेगवान, पेटी किती स्वस्त, पडदा किती मोठा, ह्या अंगाने ती पुष्कळ झाली. माझे म्हणणे असे आहे की ह्या धंद्याचे सारे भवितव्य एका वेगळ्याच प्रश्नावर अवलंबून आहे: प्रेक्षकाकडून परत येणारी वाट कोणाच्या उपयोगासाठी बांधली आहे, आणि तिच्यावर वहिवाट कोणाची आहे? जेथे ती वाट प्रेक्षकाच्या कामी आली तेथे धंदा भरभराटला. जेथे ती केवळ दुकानदाराच्या वसुलीसाठी खणली गेली तेथे मोठमोठ्या भांडवलदारांचे हात पोळले.

प्रथम तारेच्या जन्माची हकिकत पाहावी, कारण तिच्यात ह्या सिद्धान्ताचा पहिला दाखला आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाहून प्रक्षेपित होणारे कार्यक्रम पेनसिल्व्हेनियाच्या कोळसाखाणींच्या डोंगराळ मुलखात पोचत नसत. महनॉय सिटी येथे जॉन वॉलसन ह्यांचे घरगुती विद्युत् उपकरणांचे दुकान होते. दुकानातले दूरचित्रवाणी संच खपावेत तर चित्र दिसले पाहिजे, म्हणून त्यांनी १९४८ साली डोंगरावर अँटेना उभारून तेथून तार गावात आणली असे सांगितले जाते. लॅन्सफर्ड येथे रॉबर्ट टार्लटन ह्यांनी १९५० साली पँथर व्हॅली टेलिव्हिजन ही कंपनी काढली, आणि तिला यंत्रे पुरविणाऱ्या जेरॉल्ड कंपनीचे मिल्टन शॅप पुढे ह्या राज्याचे गव्हर्नर झाले. तारेचा हा धंदा दुकानदाराच्या लोभातूनच निघाला, हे खरे. परंतु दुकानदाराचा लोभ आणि प्रेक्षकाची गरज ह्या दोन गोष्टी तेथे एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. डोंगरापलीकडचे चित्र पाहावे असे लोकांना आधीपासून वाटत होते, ती इच्छा कोणाला जाहिरातीने निर्माण करावी लागली नाही, आणि म्हणूनच दरमहा वर्गणी देण्याचा रिवाज बिनतक्रार रुजला.

संवादी दूरचित्रवाणीचा आरंभ नेमका उलट रीतीने झाला. १ डिसेंबर १९७७ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस शहरात वॉर्नर केबल कंपनीने ‘क्यूब’ नावाची योजना सुरू केली. प्रेक्षकाच्या हाती कळा असलेली एक पेटी दिली. कार्यक्रम चालू असता प्रश्न विचारला जाई, प्रेक्षक कळ दाबी, आणि थोड्याच क्षणांत साऱ्या शहराचे मत पडद्यावर उमटे. त्या काळाच्या मानाने हा चमत्कारच होता. परंतु नवलाई ओसरल्यावर लोकांच्या ध्यानी आले की आपल्याला विचारले जाणारे प्रश्न आपले नाहीत; उत्तरांचे पर्याय आधीच ठरलेले आहेत; आणि आपल्या उत्तराने आपल्या आयुष्यात काही बदलत नाही. योजनेचा खर्च मात्र वाढत गेला आणि १९८४ मध्ये ती गुंडाळली गेली. क्यूबमधून मागे उरले ते तिथल्या मुलांच्या वाहिनीचे बीज, ज्यातून १९७९ साली निकलोडियन ही वाहिनी उभी राहिली. कळा दाबण्याचे कौतुक सरले, मुलांच्या कार्यक्रमांची गरज टिकली.

दुसरा प्रयोग फ्लोरिडातील ऑरलँडो येथे टाइम वॉर्नर कंपनीने डिसेंबर १९९४ मध्ये सुरू केला. मागणीप्रमाणे चित्रपट, घरबसल्या खरेदी, पडद्यावरचे खेळ, असा सारा संभार सुमारे ४,००० घरांपर्यंत नेण्यात आला. प्रत्येक घरात ठेवलेली पेटी म्हणजे जवळजवळ एक स्वतंत्र संगणकच होता, आणि तिच्यावर जो खर्च आला तो ग्राहकाच्या मासिक वर्गणीतून कधी वसूल होईल अशी आशाच नव्हती. १९९७ मध्ये तोही प्रयोग बंद झाला. ह्या अपयशाचे खापर बहुतेकांनी महाग यंत्रावर फोडले. यंत्र महाग होते हे कबूल. परंतु यंत्रे नेहमीच स्वस्त होत जातात, म्हणून ते कारण अपुरे आहे. मागणीप्रमाणे चित्रपट पाहण्याची सोय पुढे जगभर मान्य झाली, तर पडद्यावरचा बाजार मात्र तसा कधीच रुजला नाही. आणि ह्या दोहोंतला फरक यंत्राचा नाही, हेतूचा आहे. पहिल्यात प्रेक्षक स्वतःची इच्छा सांगतो, दुसऱ्यात त्याने दुकानदाराची इच्छा पुरी करावी अशी अपेक्षा असते.

येथे परतीच्या वाटेचे तांत्रिक स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे, कारण त्याशिवाय तिच्या व्यापाराचे मर्म कळणार नाही. अमेरिकेतील केबलच्या तारेत घराकडे येणाऱ्या संकेतांसाठी सामान्यतः ५४ मेगाहर्ट्झच्या वरचा, पुढे पुढे १,००० मेगाहर्ट्झपर्यंत विस्तारलेला प्रशस्त पट्टा राखलेला असे. आणि घराकडून परत जाणाऱ्या संकेतांसाठी फक्त ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढी चिंचोळी पट्टी. राजमार्गाच्या कडेला पाऊलवाट सोडावी तसाच हा प्रकार. शिवाय त्या पाऊलवाटेला एक मोठी अडचण आहे. पुढे जाणारा संकेत एका ठिकाणाहून निघून अनेक घरांत विभागला जातो. परतीचा संकेत मात्र अनेक घरांतून निघून एका ठिकाणी गोळा होतो, आणि त्याच्याबरोबर प्रत्येक घरातला गोंगाटही गोळा होतो. कोणाच्या घरातील जुनी मोटार, कोणाची फाटकी वायर, कोणी सैल सोडलेला जोड, ह्या साऱ्यांतून शिरलेला विद्युत्-कोलाहल वरच्या ठाण्यात एकत्र येऊन साऱ्या आळीचा आवाज बुडवू शकतो.

हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिले. ऑक्टोबरातल्या वादळानंतर आमच्या गल्लीतील जोडणी वारंवार तुटू लागली, तेव्हा एक वयस्क तंत्रज्ञ शिडी लावून दोन खांबांमधल्या तारेला टांगलेली, पाठीवर उष्णता टाकण्यासाठी पंखासारख्या कडा असलेली ॲल्युमिनियमची पेटी उघडून बसला. पेटीच्या आत दोन भाग होते. एक मोठा, पुढे जाणाऱ्या संकेताचा, आणि एक छोटा, परतीचा. त्याने परतीच्या भागावर मापकयंत्र लावले, पडद्यावरची थरथरणारी रेषा पाहिली, आणि मग एकेका घराची तार क्षणभर अलग करून पुन्हा जोडीत गेला. चौथ्या घराची तार अलग करताच ती रेषा खाली बसली. त्या घराच्या तळघरात कपडे धुण्याच्या यंत्रामागे एक जोड बोटाने फिरेल इतका सैल झालेला होता. तो आवळण्यास एक मिनिट लागले, शोधण्यास सारी दुपार गेली. खाली उतरल्यावर तो मला म्हणाला, की पुढे पाठवणे सोपे असते, परत ऐकणे अवघड. धंद्याच्या दृष्टीने ह्या वाक्याचा अर्थ असा, की प्रेक्षकाचे ऐकून घेण्याचे काम एकदा यंत्र बसवून संपत नाही; ते घरोघर, जोडाजोडास, वर्षानुवर्षे राखावे लागते, आणि ज्याच्या जमाखर्चात ह्या राखणीची तरतूद नाही त्याने ह्या धंद्यात उतरू नये.

ह्या चिंचोळ्या पाऊलवाटेचा उपयोग शेवटी कशासाठी झाला, हा ह्या इतिहासातला सर्वांत बोधप्रद भाग आहे. संवादी दूरचित्रवाणीच्या आशेने केबल कंपन्यांनी परतीची वाट साफ केली, तिची वर्धक यंत्रे बसविली. परंतु १९९७ साली डॉक्सिस ह्या नावाने केबलवरून संगणकीय दळणवळणाचे मानक ठरले आणि ती वाट दूरचित्रवाणीऐवजी इंटरनेटने व्यापली. एकाच दुकानाकडे जाणारी वाट अनेक बाजारपेठांना जोडणारा सार्वजनिक रस्ता बनली, आणि बनताच तिची किंमत कितीतरी पटींनी वाढली. आज ह्याच तारांवर परतीची पट्टी ४२ वरून ८५, काही ठिकाणी २०४ मेगाहर्ट्झपर्यंत रुंद करण्याचे काम चालू आहे, ते लोकांना घरून काम करावयाचे, शिकवावयाचे, आप्तांशी बोलावयाचे आहे म्हणून. दुकानदाराने स्वतःसाठी मागितलेली वाट रुंद झाली नाही. लोकांनी स्वतःसाठी वापरलेली वाट रुंद झाली.

सी-कॉरच्या पुढच्या हकिकतीलाही ह्याच क्रमाचे वळण आहे. मागणीप्रमाणे चित्रपट पुरविणारे संगणक बनविणारी, ओरॅकलच्या लॅरी एलिसन ह्यांचे पाठबळ असलेली एनक्यूब ही कंपनी तिने २००४ च्या अखेरीस विकत घेतली. तारेची वर्धक यंत्रे बनविणाऱ्या कंपनीने चित्रांच्या कोठाराचीही मालकी मिळवावी, हा हेतू उघड होता. परंतु २००७ मध्ये आरिस ह्या मोठ्या कंपनीने सी-कॉरच सुमारे ७३ कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच २००७ साली नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून थेट चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला. प्रेक्षकाने मागावे आणि चित्रपट यावा, हे ऑरलँडोचे स्वप्न खरे झाले. पण ज्यांनी तार घातली त्यांच्या कोठारातून नव्हे, तर त्याच तारेवरून येणाऱ्या दुसऱ्याच्या कोठारातून.

मग आज ह्या धंद्यात कमाई कशात आहे? मागणीप्रमाणे चित्र दाखविण्याची सोय आता गृहीतच धरली जाते, तिच्यात स्पर्धा मोठी आणि नफा पातळ. प्रत्यक्ष चालू असलेल्या सामन्याच्या किंवा स्पर्धेच्या वेळी मत देण्याची, अंदाज वर्तविण्याची सोय लोकांना आवडते, कारण तेथे उत्तर तत्काळ लागते आणि शेजारच्या घरातही तोच क्षण चाललेला असतो. सर्वांत मोठी रक्कम मात्र जाहिरातीत आहे, आणि सर्वांत मोठा धोकाही तेथेच आहे. २००८ साली अमेरिकेतील सहा मोठ्या केबल कंपन्यांनी एकत्र येऊन संवादी जाहिरातींसाठी कनू व्हेंचर्स ही संस्था काढली; रिमोटची कळ दाबून प्रेक्षकाने माहितीपत्रक मागवावे, अशी कल्पना होती. २०१२ मध्ये तिला संवादी जाहिरातींचा नाद सोडून द्यावा लागला. जाहिरातीशी बोलण्याची प्रेक्षकाला इच्छा नव्हती. तेव्हा जाहिरातदाराने त्याला न विचारता त्याचे ऐकणे पसंत केले. घरातला संच कोणते चित्र दाखवीत आहे हे क्षणोक्षणी टिपून विकण्याचा उद्योग वाढला. आणि २०१७ साली व्हिझिओ ह्या संच बनविणाऱ्या कंपनीला १ कोटी १० लाख संचांवरील पाहणे प्रेक्षकांच्या संमतीवाचून टिपल्याबद्दल अमेरिकेचे फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यू जर्सी राज्य ह्यांच्याशी मिळून २२ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. परतीच्या वाटेवर पहारा हवा हे सरकारच्या ध्यानी पुष्कळ आधी आले होते. क्यूब बंद पडली त्याच १९८४ साली झालेल्या केबल कायद्यात ग्राहकाची कोणती माहिती गोळा केली जाते हे त्याला कळविण्याची सक्ती कंपन्यांवर घातलेली आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, आणि तो हलका नाही. पुष्कळ जाणते लोक म्हणतात, की दूरचित्रवाणीसमोर माणूस विसाव्यासाठी बसतो. त्याला बोलावयाचे नसते, म्हणून संवादी दूरचित्रवाणी हे व्यापाऱ्यांचे मृगजळ आहे. ह्या आक्षेपाचे उत्तर मला माझ्या घरातच मिळाले. आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. सायंकाळी ती पडद्यावर एकापाठोपाठ एक मराठी मालिकेचे भाग पाही, आणि बराच वेळ रिमोटला हात लागला नाही की पडद्यावर प्रश्न उमटे, की तुम्ही अजून पाहत आहात का. आई मोठ्याने म्हणे, “हो, पाहतेय ना रे बाबा.” यंत्र उत्तर ऐकत नसे, मलाच उठून कळ दाबावी लागे. भाग संपला की ती फोन उचलून मिरजेला मावशीला लावी. तेथे पहाट झालेली असे, मावशी चहा ठेवून वाट पाहत बसलेली असे, आणि मग अर्धा तास त्या सुनेचे कसे चुकले, सासूने कसे वागावयास हवे होते, आपल्या काळी असे झाले असते तर आजी काय म्हणाली असती, ह्यावर दोघींचा खल चाले. माझ्या आईला बोलावयाचे नव्हते असे कोण म्हणेल? तिला पुष्कळ बोलावयाचे होते. पण पडद्याने तिला जो एकच प्रश्न विचारला तो तिच्या सोयीचा नव्हता, पडद्याच्या सोयीचा होता. प्रेक्षक मुका नाही. त्याचे बोलणे दुसऱ्या वाटेने वाहून जाते, आणि ते आपल्या वाटेने आणण्याची युक्ती ज्याला साधेल त्याला हा धंदा साधेल.

महाराष्ट्रात तर परत बोलण्याची हौस यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्याच्या ‘आमची माती, आमची माणसं’ ह्या कार्यक्रमाने शेतकऱ्यांशी वर्षानुवर्षे नाते जोडले. तेव्हा परतीची वाट म्हणजे पोस्टकार्ड होते. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे ह्यांच्या ‘सुरभि’ ह्या कार्यक्रमाला प्रश्नांच्या उत्तरांचा एवढा पूर येऊ लागला की टपाल खात्याने स्पर्धांसाठी वेगळे, अधिक किमतीचे पोस्टकार्ड काढले. एका कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी सरकारी खात्याला दरपत्रक बदलावयास लावावे, ह्याहून परतीच्या वाटेच्या व्यापारी सामर्थ्याचा मोठा पुरावा कोणता? तेथे प्रश्न देशातील कलांविषयीचे, उत्तर स्वतःच्या हस्ताक्षरातले, आणि नाव वाचले जाण्याची आशा खरी होती. म्हणून लोकांनी पदरचे पैसे मोडून उत्तरे पाठविली.

पुढे आपल्याकडे तंत्र आले ते बहुतेक एकाच दिशेचे. २००३ मध्ये डिश टीव्ही आणि २००६ मध्ये टाटा स्काय घराच्या छपरांवर आले. टाटा स्कायने ‘ॲक्टिव्ह’ नावाने खेळ, शिकवणी, पाककृती, आणि सिद्धिविनायक वा शिर्डी ह्यांपैकी हवे ते दर्शन निवडण्याची सोय दिली. परंतु छपरावरची तबकडी ऐकू शकते, बोलू शकत नाही. निवड पेटीच्या आतच होते आणि उत्तर द्यावयाचे तर टेलिफोन उचलावा लागतो. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ पासून आणि पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांत २०१३ मध्ये केबलवर डिजिटल पेटी सक्तीची झाली. पण त्या पेटीचे प्रयोजन वाहिन्यांचा हिशेब ठेवणे आणि वर्गणी चुकू न देणे हे होते. मालकाला वसुलीचे साधन मिळाले, प्रेक्षकाला तोंड मिळाले नाही. ही सक्ती ज्या वेळी झाली त्या वेळी परतीच्या वाटेचाही आग्रह धरला असता, तर आज मराठी कार्यक्रमांचे कर्ते प्रेक्षकापर्यंत पोचण्यासाठी दोन-तीन परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून राहिले नसते, असे मला मनापासून वाटते.

शिक्षणाच्या क्षेत्रात मात्र आपल्याकडे एक दूरदर्शी प्रयोग झाला. २० सप्टेंबर २००४ रोजी सोडलेला एज्युसॅट हा उपग्रह केवळ शिक्षणासाठी होता, त्याच्या योजनेत वर्गातून शिक्षकाला प्रश्न विचारता येईल अशी दुहेरी जोडणी होती, आणि आरंभीच्या चाचणीत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा समावेश होता. स्टेट कॉलेजच्या विद्यापीठाचा वारसा ह्याच जातीचा आहे. १८९२ मध्ये ह्या महाविद्यालयाने शेतकऱ्यांसाठी पत्रद्वारे शिक्षण सुरू केले: धडा टपालाने जाई, उत्तर टपालाने येई. १९५० च्या दशकात सी. आर. कार्पेंटर ह्यांनी येथेच बंदिस्त दूरचित्रवाणीवरून महाविद्यालयीन विषय शिकविण्याचे मोठे प्रयोग केले, आणि परीक्षेतील गुणांच्या दृष्टीने पडद्यावरून शिकलेले विद्यार्थी समोर बसून शिकलेल्यांहून फारसे मागे राहत नाहीत असे आढळले. शिकविणे पडद्यावरून होऊ शकते, हा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वीच सुटला. उरलेला प्रश्न उत्तर देणाऱ्या शिक्षकाचा आहे. शंका विचारणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशीच्या आत माणसाकडून उत्तर मिळेल, एवढी हमी जी संवादी शिक्षणवाहिनी देईल, तिची वर्गणी पालक आनंदाने भरतील; आणि जी उत्तराऐवजी आणखी चित्रफिती दाखवील तिची पेटी कपाटावर धूळ खात पडेल.

ह्या साऱ्यातून मराठी उद्योजकासाठी मला काही निश्चित गोष्टी निघताना दिसतात. पहिली ही, की परतीच्या वाटेचे भांडवल महाराष्ट्रात तयार आहे, आणि ते गल्लीतल्या केबलवाल्याजवळ आहे. दरमहा दारात येणारा, कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे जाणणारा, गावच्या गणपतीचे विसर्जन आणि जत्रेतल्या कुस्त्या आपल्या स्थानिक वाहिनीवर दाखविणारा हा माणूस आता कितीतरी ठिकाणी प्रकाशतंतूची तार घालून इंटरनेटही पुरवितो. प्रकाशतंतूत परतीची वाट पुढच्या वाटेइतकी रुंद ठेवता येते. पेनसिल्व्हेनियाच्या केबलवाल्याला जी अडचण जन्मभर सोसावी लागली ती ह्याला सोसावी लागणार नाही. त्याने मोठ्या मंचांची नक्कल करू नये. तालुक्याच्या बाजारसमितीतला आजचा कांद्याचा भाव, पाणीपुरवठ्याची तक्रार, शाळेतला निकाल, दवाखान्यातली वेळ, ह्या गोष्टी पडद्यावर विचारता याव्यात आणि त्यांचे उत्तर पडद्यावर यावे एवढी सोय केली, तरी लोक तिची किंमत ओळखतील. सरकारने २००४ साली किसान कॉल सेंटर आणि २०१५ साली डीडी किसान ही वाहिनी, अशी दोन स्वतंत्र दफ्तरे उघडली. एकात शेतकरी विचारतो, दुसऱ्यात तो पाहतो. ही दोन एका पडद्यावर आणणे हे काम तालुक्यातला केबलवाला करू शकतो.

दुसरी ही, की मराठी मुलखाबाहेरचा मराठी प्रेक्षकही ह्या बाजारात मोजला पाहिजे. स्टेट कॉलेजसारख्या गावात आमची घरे थोडी आहेत, पण दिवाळी-गणपतीला आम्ही एकत्र जमतो, आणि बाकीचे वर्षभर मिरजेतली मावशी व येथली आई ज्या धाग्याने बांधलेल्या राहतात तो धागा एका मालिकेचा असतो. दोन घरांत एकच भाग एकाच वेळी चालावा, दोघींचा आवाज एकमेकींना ऐकू यावा, आणि त्यासाठी वेगळा फोन उचलावा लागू नये, एवढे ज्या मराठी वाहिनीने केले तिला परदेशस्थ घरांतून वर्गणीचा तगादा लावावा लागणार नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची आहे, पण मी तिला धंद्याचा पायाच समजतो. आपल्या ग्रामीण जीवनात शेताला जाणाऱ्या वाटेची वहिवाट हा किती नाजूक मामला असतो हे सांगावयास नको. शेजाऱ्याने बांध घालून वाट अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि तहसीलदार जागेवर येऊन, पंचनामा करून वाट मोकळी करून देण्याचा हुकूम देतो. वाटेखालची जमीन एकाची आणि जाण्याचा हक्क दुसऱ्याचा, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला उपजत कळते. संवादी दूरचित्रवाणीच्या परतीच्या वाटेला हाच न्याय लागू व्हावा. तार कंपनीची असेल, पेटी कंपनीची असेल. पण त्या तारेवरून जाणारे जे उत्तर, जी निवड, जो प्रश्न, त्यावर वहिवाट प्रेक्षकाची. ते कोठे जाते, कोणाला दिले जाते, किती दिवस ठेवले जाते, हे त्याला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे, आणि नको म्हणण्याचा हक्क एका कळीच्या अंतरावर असला पाहिजे. भारतात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. त्याची अंमलबजावणी पडद्यापर्यंत आणि पेटीपर्यंत पोचावी, अशी मागणी ग्राहकांनी नव्हे तर ह्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या व्यापाऱ्यांनीच प्रथम केली पाहिजे. कारण ज्या घरात आपले बोलणे चोरून ऐकले जाते असा संशय शिरतो, त्या घरातली माणसे पडद्यासमोर बोलणे थांबवितात. आणि माणसे बोललीच नाहीत तर विकावयास काय उरते?

म्हणून ह्या उद्योगाला भवितव्य आहे का, असे मला कोणी विचारले तर मी होय म्हणेन, पण एका शर्तीवर. भांडवलदाराने आपल्या जमाखर्चाच्या वहीत पुढे पाठविण्याच्या रकान्याशेजारी परत ऐकण्याचा रकाना मांडावा, आणि त्यात यंत्रांबरोबर उत्तर देणाऱ्या माणसांचा पगारही लिहावा: शंका सोडविणारा शिक्षक, भाव सांगणारा बाजारसमितीचा कारकून, तक्रार नोंदवून घेणारा केबलवाला, आणि तळघरातल्या कपडे धुण्याच्या यंत्रामागे वाकून सैल जोड आवळणारा तो वयस्क तंत्रज्ञ. ‘सुरभि’ला पत्र लिहिणाऱ्यांना खात्री होती की पलीकडे कोणीतरी बसून ते वाचणार आहे. तेवढी खात्री ज्या दिवशी मराठी घरातल्या पडद्याबद्दल वाटू लागेल, त्या दिवशी माझी आई उत्तर मोठ्याने देईल आणि ते कोणीतरी ऐकेल.